भरल्या मापावर

केळी शिरपूरला उतरवून
खाली येत होतो चोपड्याकडे.
अनेरच्या उतारावर म्हैस आडवी आली.
ब्रेक दाबला, तशी मागची दोन्ही चाकं जागीच थिजली
आणि पिकअपचं ढुंगण गर्रकन फिरून
आलेलाच रस्ता माझ्यासमोर.
म्हैस रवंथ करत उभी.

दगा मिस्तरी गाडीखाली सरपटला.
बाहेर फक्त चपला, आणि आवाज :
"भरेल गाडी दबीसन राहस, भो.
खाली गाडीलेच जपनं पडस."

ॲक्सलपासून वाल्वपर्यंत एक दांडी असते.
माल उतरला, पाठा उचलल्या,
की मागच्या चाकांचा दाब तीच कमी करते.
माझी, सोळा वर्षांच्या चिखलात गंजून
भरल्या मापावर अडकलेली.
"इले आजून वाटस, माल भरेल शे."

रॉकेलात भिजवली, घासली,
हातानं वरखाली होईतो सोडली नाही त्यानं.
मग ग्रीस. पावणेतीनशे रुपये.

दुसऱ्या दिवशी, रिकामाच,
त्याच उतारावर मुद्दाम करकचून ब्रेक मारला.
गाडी सरळ उभी राहिली.

गलंगीच्या टपरीवर उतरलो.
"दोन कट," म्हणालो.
बारकू सुरतला गेला त्याला सहा महिने झाले.
पोऱ्यानं दोन ग्लास आणून ठेवले
आणि गाडीच्या पलीकडच्या दाराकडे
बघत राहिला.