दोन पोती, चार रंग

केटाला समुद्र आणि खाडी यांच्या मधे
जेमतेम एक रस्ता मावतो.
त्या रस्त्यानं कोर्सीचा ट्रक यायचा,
आत जनरेटर, टीव्ही, व्हिडिओ
आणि कॅसेटची पत्र्याची पेटी.
सिनेमा रात्री. पोस्टर मात्र
दुपारच्या आत रंगून वाळलेलं हवं.

माझे उस्ताद सेनानू
यांनी सिनेमे फारसे पाहिलेच नव्हते.
दिवस कलला की त्यांना दिसायचं कमी.
ते फक्त विचारायचे, "कुठला?"
आणि कोर्सी एका शब्दात सांगायचा.
मारामारी. भूत. प्रेम.
क्वचित दोन-तीन शब्द: प्रेम, पण रडकं.

तेवढं पुरायचं.
पिठाची दोन पोती उसवून, जोडून शिवलेली,
आणि चार डबे.
मारामारीला लाल, अन् दंड मांडीएवढे.
प्रेमाला निळा, बाईची मान जरा लांब.
भुताला हिरवा.
हिरव्याचा डबा आमच्याकडे नव्हताच;
निळ्यात पिवळा कालवणं हे माझं काम,
म्हणून मला आपली भुतंच आवडायची.

एकदा लग्नाच्या गोष्टीत त्यांनी साप काढला.
कोर्सी म्हणाला, यात साप नाही हो.
उस्ताद म्हणाले, असेल. नीट बघ.

मग ती कॅसेट आली.
लोमेच्या बाजारात दहांवर अकरावी, फुकट.
नाव नाही, चित्र नाही.
कोर्सीनं रात्री एकट्यानं पाहिली
आणि सकाळी येऊन बाकावर नुसता बसून राहिला.
"कुठला?"
"एक म्हातारी आहे. बर्फाचं गाव.
बटाटे सोलते. खिडकीत बसते.
एकदा दाराशी जाते, परत येते."
"मग?"
"मग उजाडतं."
"बोलते काय?"
"बोलते कुठं!"

उस्तादांनी ब्रश कानावर खोचला.
बराच वेळ ते पोत्याकडे बघत राहिले,
त्यावर गिरणीचं नाव अजून पुसट दिसत होतं.
मग मला म्हणाले,
हिरवा कर.

त्या रात्री वाळूत दीडशे माणसं.
म्हातारीनं बटाटा उचलला
आणि सगळ्यांनी श्वास धरला.
साल लांबत गेली, लांबत गेली, तुटेना.
कुणीतरी पुटपुटलं, सुरी बघा, सुरी.
ती खिडकीत बसली.
आम्ही तिच्या खांद्यावरून बाहेर डोकावत होतो,
बाहेर नुसता पांढरा काळोख.
टेबलापाशी दुसरी एक खुर्ची होती, रिकामी.
एरवी कुणाचं लक्षही गेलं नसतं,
पण पोस्टर हिरवं होतं ना.
ती दाराकडे निघाली तेव्हा
शेजारी बसलेल्या मासळीवाल्या एसिनामनं
माझं मनगट असं आवळलं
की दुसऱ्या दिवशीही वळ होते.
दार उघडलं.
कुणी नव्हतं.
दीडशे माणसं एकदम म्हणाली, आहे!

पडद्यावर उजाडलं. जनरेटर धडधडत राहिला.
कोर्सी पैशांचा डबा पोटाशी धरून
ट्रकमागं पळायच्या बेतात.
पैसे कुणी परत मागितले नाहीत.
लवकर कुणी उठलंही नाही.
एसिनामचा नवरा मागल्या साली होडीसकट गेलेला.
तिनं लुगड्याची वाळू झटकली
आणि जाता जाता एवढंच म्हणाली,
शेवटपर्यंत आला नाही, मेला.

सकाळी उस्तादांनी विचारलं,
"होतं का रे भूत?"
"नव्हतं."
ते पोत्याला टाके घालत होते,
मान वर केली नाही.
"नीट बघितलं नसशील."

तेवढ्यात रस्त्यावरून कोर्सी ओरडला,
आज मारामारी!
लाल डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं.
मी चमचा शोधायला गेलो.