सहा व्होल्ट

लाखांदूरच्या अलीकडे, मंडईच्या रात्री,
धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत आमचा तंबू.
तिसऱ्या रिळात नायिकेनं तोंड उघडलं
आणि ओठ नुसतेच हलत राहिले.
पलीकडच्या मांडवात नाटक रंगलं होतं;
तिथला खलनायक
तिच्या तोंडून हसू लागला.

शिट्ट्या. एक चप्पल. मग तणसाची पेंढी.

इलियास मिस्त्रींना घाई नव्हती.
बिडी विझवून कानामागे ठेवली.
"पोट्ट्या, चित्र कायनं दिसते?"
कार्बननं.
"आन आवाज?"
भोंग्यानं, मी म्हणालो.
त्यांनी मशीनच्या पोटाचं झाकण उघडलं.
"बोटभर दिवा हाये इथं. फिल्मच्या काठावर उजेड टाकते.
काठ तो उजेड कापते.
कापलेला उजेड बोलते."

पण दिवा तर लागलेला होता.
लागलेला दिवा बिघडलेला कसा?
"लागला हाये, पन थकला हाये."
काच आतून काजळलेली,
तार मधोमध लोंबलेली, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखी.
त्यांनी तिकिटाचा पुठ्ठा उजेडाच्या आडवा हलवला:
भोंग्यात फुत्, फुत्,
उशीत तोंड घालून कोणी खोकावं इतकंच.
"सेल जित्ता हाये. ॲम्प्लिफायर जित्ता हाये."
सॉकेट खरवडलं, पत्ती वाकवली,
भिंग लुंगीच्या टोकानं पुसलं. पुन्हा फुत्.

जादा दिवा पत्र्याच्या पेटीत, कापसात गुंडाळलेला.
उलगडला तर नुसती टोपी
आणि काचेचा चुरा.
पवनीच्या रस्त्यानं आलो होतो आम्ही.

खुर्चीच्या तिकिटात बसलेले कंपाउंडर
ऋषी लांजेवार, आणि बाहेर बांबूला टेकलेली
त्यांची राजदूत.
मिस्त्रींनी माणसाकडे पाहिलंच नाही.
"सहा व्होल्टची हाये ना?"
"हाव. काहून?"

हेडलाइटचा बल्ब निघाला. मग बॅटरी.
धरायला होल्डर नाही, म्हणून माझी बोटं,
बोटांवर ओला रुमाल.
"वर. जास्त झालं. केसभर खाली.
तार आडवी पायजे, समोरच्या चिरेसारखी आडवी.
श्वास नोको घेऊ."
पुठ्ठा हलला. फट्! फट्!
पुढच्या रांगेतलं एक लेकरू रडू लागलं.
मग तांब्याच्या तारेनं बल्ब जागीच करकचून बांधला.

एक गोष्ट मिस्त्रींनी मला सांगितली नव्हती.
जनरेटरच्या करंटवर तो दिवा रोज थरथरायचा
आणि भोंग्यातून सतत एक घूं यायची.
नऊ महिने मी समजत होतो
की ती घूं सिनेमाचीच.
बॅटरीवर घूं नव्हती.
नायिका बोलायची थांबली
की खरंच कोणी बोलत नव्हतं.
बांगड्या वाजल्या, दोनच.
पडद्यातल्या कुठल्याशा वाड्यामागे कुत्रं भुंकलं
आणि मंडईतल्या कुत्र्यानं त्याला उत्तर दिलं.
लांजेवार उठून उभे राहिले, हात मागे बांधून,
डोकं एका बाजूला,
रोग्याची नाडी पाहताना करत असतील तसं.

शेवटच्या रिळात बॅटरी उतरू लागली.
बल्ब पिवळा, मग हळदी, मग विटकरी.
मिस्त्री आवाजाचं बटण फिरवत गेले,
ते संपलं तेव्हा भोंग्याकडे बघत बसले.
माणसं पुढे सरकली. बायांनी पोरांची तोंडं दाबली.
नायक उंबऱ्यावर वळून काहीतरी म्हणाला
आणि पडदा पांढरा झाला.

सकाळी राजदूत चालू होईना.
दहिवरानं ओल्या बांधीतून
अकरा जण तिला ढकलत होते, कंपाउंडर हँडलवर,
आणि ढकलता ढकलता भांडण:
"येतो म्हनला थो."
"जातो म्हनला."
"अबे, जानारा मानूस जातो म्हनते का?"
लांजेवारांनी ब्रेक दाबला, मागे वळून पाहिलं,
त्यांनाही काहीतरी सांगायचं होतं.