लागू नाही

खैरीटोल्याला एसटी दिवसातून दोनदा जाते,
दुसरी मुक्कामी असते, परत येत नाही.
म्हणून गृहभेट पाऊण तासात उरकायची.

घर एका खोलीचं. माप मी पावलांनी घेतलं.
संडासाचं काम जोत्यापर्यंत.
दारात सुपात तेंदूपान, तंबाखू, कात्री,
आणि सायत्रा मारबते, वय अंदाजे पन्नास,
जिचे हात बोलतानाही विड्या वळत होते.

"आई इची मिरची तोडाले गेली तेलंगणात.
होळीले येतो म्हने. चार साल झाले.
तवापासून माझ्याजवळच हाये पोरगी.
ठेवून घे असं कोनी म्हनलं नाई,
म्याही कोनाले इचारलं नाई."

आचल, वय नऊ, सुपापाशी बसून
उरल्या कातरणातून मासे कापत होती.
मी लिहिलं : बालमजुरीची शक्यता.
मागच्या वर्षी एका घराबद्दल
'सर्व ठीक' लिहिलं होतं मी. ते पोर...
जाऊ दे. तेव्हापासून मी
शक्यता सोडत नाही कुठलीच.

समिती मंगळवारी बसते, सदस्य आले तर.
तीन मंगळवार आले नाहीत.
चौथ्याला बाईंनी गोड आवाजात विचारलं,
"सायत्रा तुझी कोण लागते, बाळा?"
आचल म्हणाली, "रोज लागते."

कोणीतरी हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं.
"अगं, म्हणजे कोण? मावशी? आत्या? आजी?"
तिने एकेक शब्द थांबून ऐकला
आणि बाजारात वांगं दाबून परत ठेवावं
तसा परत ठेवला.
"रात्री लागते," ती म्हणाली.
"तापात तं लागतेच."

रकाना नऊ : अर्जदाराचे बालकाशी नाते.
बारीक ठिपक्यांची ओळ, दोन बोटं लांब.
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.
मी लिहिलं : लागू नाही.

बालगृह दुसऱ्या जिल्ह्यात, तीन गाड्या बदलून.
साठ मुली, अधीक्षिकेचं पद रिकामं,
अनुदान अकरा महिने यायचं आहे,
स्वयंपाकीण स्वतःच्या नावावर डाळ उधार आणते.
वाईट जागा नाही. हे मी मुद्दाम सांगते.
उवांसाठी केस कापले, सगळ्यांचेच.
हजेरीत नाव एकदा आंचल, एकदा अचल.
अचल म्हणजे जी हलत नाही.
तिची दोनदा बदली झाली.

सायत्रा दुसऱ्या शनिवारी भेटायला गेली.
फाटकावर वही होती. वहीतही रकाना होता.
सोमवारी ती माझ्या टेबलासमोर उभी,
खुर्ची दिली तरी उभीच.

"म्या कोन हाव थे तुमीच लेहा, बाई,
तुमाले जमते लेहाले.
शेजारीन म्हनलं तं म्हनते, शेजारीन चालत नाई.
आन् आता शेजारीन तरी कुठं हाव मी?
पोरगी तं तिकडं."

जायला भाडं किती लागलं, मी विचारलं.
दुसरं काही सुचलं नाही.
"लागलं थे लागलं."

पदराच्या गाठीतून तिने कागदाची पुडी काढली.
आत तेंदूपानाचे मासे, सात.
फाटकावर घेतले नाहीत,
तंबाखूचा वास येतो म्हणाले.
सहा तिने परत बांधले.
एक टेबलावर राहिला, विसरून की ठेवून,
ते मी विचारलं नाही.

संचिकेत तेव्हा चाळीस पानं झाली होती.
मी अनुक्रमणिकेत चाळीस अ लिहिलं,
समोर लिहिलं : पान, एक,
आणि टाचणी मारली.
साहेबांनी सही करताना विचारलं, हे काय?
पुरावा, म्हटलं.
कशाचा, हे त्यांनी विचारायच्या आत
त्यांचा फोन वाजला.

मासा शेपटीकडून चुरतो आहे.
संचिका उघडली की थोडा मांडीवर पडतो.
तपासणी मार्चमध्ये आहे.
तोवर टिकेल असं वाटत नाही.