शेरा

लोखंडी सळई जमिनीत गाडलेली असते,
वीतभर खोल, शेवाळाखाली.
झाडांवर रंग नाही, फीत नाही, पाटी नाही.
दर पाच वर्षांनी आम्ही येतो,
आणि धातुशोधक किणकिणेपर्यंत
नकाशा म्हणेल तिथे वाकून चालत राहतो.

ही जागा कुणाला कळू द्यायची नाही:
कामावर रुजू झाले त्याच आठवड्यात
आर्व्होने मला हे सांगितलं, राईची भाकरी चावता चावता.
मालकाला कळलं तर इथे करवत लावायला तो कचरेल,
किंवा मुद्दाम इथेच लावेल.
दोन्ही सारखंच वाईट.
एका वर्तुळाच्या तोंडून आम्हाला
चारशे हेक्टरांचं ऐकायचं असतं.
साक्षीदार पढवलेला नको.

व्होरुमामधली टेकडी. सप्टेंबर.
हरणमाश्या केसांत शिरून बसतात, पंख टाकून.
गेल्या खेपेच्या कागदावर तेवीस झाडं:
पाइन, स्प्रूस, बर्च, एक अ‍ॅस्पेन.
चौदा नंबरसमोर आर्व्होच्या कोरीव अक्षरात
"कलतं. जिवंत."

आणि आता समोर सगळं मोकळं.
बुंध्यांच्या पिवळ्या ताटल्या,
यंत्राच्या चाकांनी पाडलेल्या चरांत पाणी,
फांद्यांचे ढीग.
मधोमध मात्र उभं
झाडांचं एक गोल बेट,
या काठापासून त्या काठापर्यंत वीस मीटर,
कंपासने काढल्यासारखं.

धातुशोधकाची गरजच नव्हती.
आर्व्होने तरी लावला.
किणकिणला.

साल्मे येते रबरी बुटांत,
हातातली टोपली पिवळ्या आळंब्यांनी अर्धी भरलेली.
"मला सापडली होती," ती म्हणते,
"कुत्र्याने उकरली. तुमचीच ना?
यंत्रवाल्याला सांगितलं, हिच्यापासून दहा मीटर लांब राहा.
सरकारी लोखंड. उगाच दंड नको."

मला वाटलं होतं ती म्हणेल,
नवऱ्याने लावलेली झाडं, नाहीतर घुबडाचं घरटं, नाहीतर असंच काही.
ती दंडच म्हणाली.
मग चौदा नंबरकडे हनुवटी उडवून,
"तो पडेल म्हणून वाट बघतेय दहा वर्षं.
पडत नाही मेला."

मी आर्व्होकडे बघते. तो कॅलिपर पुसतो आहे,
पुसून झालेला कॅलिपर.
"जे आहे ते लिही," तो म्हणतो,
"का आहे, त्याला रकाना नाही."

एक मीटर तीस सेंटीमीटर:
हिला छातीची उंची म्हणतात,
कुणाची छाती ते नियमांत नाही.
साल्मेच्या ती खांद्याला लागली असती.
झाड एक, अठ्ठावीस.
झाड दोन, साडेचोवीस, साल सोललेली.
काठावरच्या बर्चपाशी मी फीत दोनदा ताणते.
बुंध्याचा मध्य तीन सेंटीमीटर बाहेर.
साल्मेने त्याला राखलं.
आमच्या लेखी तो नाही.

चौदा: एकतीस पूर्णांक चार.
पाच वर्षांत सोळा मिलिमीटर.
कलतं. जिवंत.

या तेवीसांच्या जिवावर राजधानीत कुणीतरी
चारशे हेक्टर उभे आहेत असं मांडेल.
असतीलही उभे, मला काय ठाऊक.
चुका पचवायला सरासरीचं पोट मोठं असतं,
आर्व्हो म्हणतो, माझ्याकडे न बघता.

शेऱ्याच्या रकान्यात मोजकीच अक्षरं मावतात.
लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते:
"भोवती तोड. वर्तुळ राखलेलं. मालकिणीला जा"
आणि यंत्र पुढचं अक्षर घेत नाही.

"मग माझी झाडं किती?" साल्मे विचारते.
तुमची नाही सांगता येत.
देशाची सांगता येतात.
ती मान हलवते,
रेडिओवर दुसऱ्याच गावचं हवामान ऐकावं तशी,
मूठभर आळंब्या माझ्या टोपीत टाकते
आणि चर ओलांडून जाते.

आर्व्हो सळई दोन बोटं आणखी खाली ठोकतो,
वर शेवाळ अंथरतो, तळहाताने दाबतो,
पाइनची चार सुकी पानं भुरभुरतो,
जुनं वाटावं म्हणून.
चराच्या पलीकडे उभी राहून
साल्मे सगळं बघते आहे.