निळ्याचा हिरवा झाला की

ईरीत बर्फ वरून पडत नाही, सरोवरावरून आडवा येतो.
पूर्वेकडच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर
मिसेस सोब्चॅक दारातच पत्रं हातात देतात.
कंपनीची. चार महिन्यांत पाच.
‘तुमचा मोडेम जुना झाला आहे, बदलून घ्या.’
“मीही झालेय,” त्या म्हणतात,
“पण मला कुणी अजून पत्र नाही पाठवलं.”

बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मी आत जातो.
मोडेम टीव्हीमागे, चक्क एका बशीत,
गळेलबिळेल म्हणून.
खालच्या बाणाचा दिवा निळा,
वरच्या बाणाचा हिरवा.

समजावून सांगतो, सवयीनं, दिवसातून सहादा सांगतो तसं :
केबल एकच, पण तिच्यात पदर पुष्कळ.
या यंत्राला खाली येणारे आठ धरता येतात,
वर जाणारे चार.
त्यांचा गोफ विणतं ते.
येईल ते तुकड्यातुकड्यांनी पदरांवर वाटायचं,
पलीकडे परत ओळीनं लावायचं.
निळा म्हणजे गोफ शाबूत.
हिरवा म्हणजे तीन पदर सुटलेत,
सगळा भार एकावर.

“म्हणजे मला तो नीट दिसतो,
मी त्याला दिसत नाही?”
इतक्या लवकर आजवर कुणाला कळलं नव्हतं.

तो म्हणजे लेनर्ड, मुलगा, रॉचेस्टरला छापखान्यात.
जन्मापासून ऐकू येत नाही.
रोज रात्री आठला मायलेक हातांनी बोलतात.
थँक्सगिव्हिंगपासून आईची बोटं त्याला
चौकोनी दिसायला लागलीत.
“मी म्हणते, सूप केलंय.
तो घाबरून विचारतो, कुठल्या हॉस्पिटलात?”

वेग विकताना आम्ही खाली येणारा आकडा सांगतो,
मोठ्या टायपात.
वर जाणाऱ्याचं कुणी विचारत नाही.
मीही कधी विचारलं नव्हतं.

तळघरात, बॉयलरच्या मागे,
चार तोंडांचा एक ठोकळा खिळ्याला टांगलेला.
“स्टॅननं लावला,” वरून आवाज येतो.
स्टॅनला जाऊन सहा वर्षं झाली.
एक वायर त्याच्या गॅरेजकडे, जिथे आता टीव्ही नाही,
एक लेनर्डच्या खोलीकडे,
एक कुठेच न जाणारी, टोकाशी हिरवी बुरशी धरलेली.
चौघांत वाटत वाटत जायचं,
म्हणून वर बिचारं यंत्र
बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.
मीटरवर चौपन्न.
ठोकळा काढला, वायर सरळ जोडली : त्रेचाळीस.
माणसानं घरातल्या घरात बोलावं तसं.

दोन मिनिटं दिवा लुकलुकला.
मग निळा.

“मग नवा कधी घेऊ?”
हा प्रश्न मला आवडत नाही,
कारण त्याचं खरं उत्तर माझ्या साहेबाला आवडत नाही.
खोक्यावर बत्तीस लिहिलंय म्हणून नको, म्हटलं.
तुम्ही ज्या वेगाचे पैसे भरता
तो आठांत मावतो, वर जागाही उरते.
पत्र आलं म्हणून तर नकोच.
पण रात्री आठला, सगळी आळी घरी आल्यावर,
दिवे दोन्ही निळे असूनही
त्याला तुमची बोटं पुसट दिसली,
एकदा नव्हे, आठवडाभर,
तर घ्या. तेव्हा काटकसर करू नका.

त्यांनी ते पाचव्या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीनं उतरवलं.

लेनर्डची जेवणाची सुट्टी होती. लावून पाहिलं.
त्यांचे हात हलले, थांबले.
पडद्यावर तो जवळ आला, डोळे बारीक केले,
आणि त्याची बोटं भराभर काहीतरी बोलली.
त्या हसत सुटल्या.
काय म्हणाला?
“म्हणतो, केस कधी एवढे पांढरे झाले?”

ठोकळा मी कचऱ्यात टाकणार होतो.
त्यांनी मागून घेतला, बशीत ठेवला.

गाडीत बसून फॉर्म भरला.
शेवटी एक रकाना असतो :
नवा मोडेम का विकला गेला नाही?
एरवी मी लिहितो, ग्राहक घरी नव्हता.
काचेवर बर्फ साचत होता, आडवा.
लिहिलं : हात दिसतात.