तोफ

सोळा चित्रं दाखवली त्यांनी, चार-चार करून.
मग अंकांचा एक कागद: यातले तीन आणि सात खोडा.
खोडले. मला खोडायचं काय,
दुकानाच्या वहीत पन्नास वर्षं उधारी खोडतेच आहे.

आता ती चित्रं लिहा, म्हणाले.
पक्कड लगेच आठवली. ती सीटखालीच असते,
शिगेओ गेले तेव्हापासून कुणी उचललेली नाही.
द्राक्षं. कोंबडी. तवा. गुलाब.
पहिलंच चित्र मात्र सुटलं,
काहीतरी जड होतं, चाकं असलेलं.
शेजारच्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली
आणि दाइसेनच्या बर्फाकडे बघत बसल्या.

वार विचारला. वार कसा चुकेल,
मंगळवारी शाळेचा टोफू असतो.

पास झाले. तीन वर्षं.
नव्या फोटोत मी थेट सासूबाई दिसते,
आणि त्यांना तर सायकलही येत नव्हती.
काउंटरवरचा मुलगा हळूच म्हणाला,
परवाना परत केलात तर बसभाड्यात सूट मिळते.
बस दिवसातून दोनदा.
मी म्हटलं, तुझ्या आईला विचार टोफू कोण आणून देतं.

बाहेर रेन उभा. वय एकोणीस, परवाना नऊ दिवसांचा.
गाडीच्या पाठीवर आता दोन पानं:
त्याचं कोवळं, हिरवं-पिवळं, वर्षभर काढायचं नाही;
माझं चार पाकळ्यांचं, त्याला मुदत लिहिलेली नाही.
मागचा ट्रक बिचकून लांबच राहिला.

रेन पुस्तकातलं सगळं करतो.
आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर.
रेल्वे फाटकाशी थांबून काच खाली, कान देतो.
कान! तेही राहिलंच होतं लिहायचं.

पुस्तकात नाही ते मी सांगते:
कांद्याच्या शेतापाशी वारा आडवा येतो.
सुगाईबुवा सायकल वळवताना हात दाखवत नाहीत,
नुसती मान हलते, तेवढ्यावर ओळखायचं.
आणि ब्रेक असा, की मागच्या पाण्याला कळू नये.

पुलाच्या अलीकडे मला ते आठवलं.
"तोफ!" मी ओरडले.

पोराचा पाय थेट ब्रेकवर.

दोघंही गप्प. ट्रक मागे, बराच मागे, थांबलेला.
रेनने गाडी कडेला घेतली, मी उतरून दार उघडलं.
डब्यांतलं पाणी अजून हलत होतं.
वड्या मोजल्या. बावीस.
एकीचाच कोपरा गेला होता.
तो मी तिथेच, वाऱ्यात, उभ्याने खाल्ला
आणि त्याला म्हटलं, चल,
शाळेत वाट बघत असतील.