तिसऱ्या फिंजालच्या आत

घड्याळ होतं घरात, पण ते साडेआठला थांबलेलं
आणि आईला त्याची सवय झालेली.
म्हणून वेळ कॉफीवर मोजायचं ठरलं.

मी सायकल पायरीवरून उतरवली
की तिने शेगडी पेटवायची,
हिरव्या बिया भाजायच्या, कुटायच्या,
मातीच्या जेबेनात पाणी चढवायचं.
मग पहिला फिंजाल, मग दुसरा,
मग तिसरा, ज्याला आम्ही बेरेका म्हणतो. आशीर्वाद.
तेवढ्यात मी घाट उतरून
अर्बारोबा स्टेशनच्या भिंतीला हात लावायचा
आणि परत अस्माराच्या माथ्यावर यायचं.
बेरेका ओतायच्या आत दाराशी टेकले
तर समजायचं, राष्ट्रीय शर्यतीत
निदान शेवटची येणार नाही.

दिवसा मी कॅफेंमधली यंत्रं दुरुस्त करते.
इटालियन गेले, त्यांची यंत्रं राहिली,
माझ्या आजोबांच्या वयाची, तेवढीच कुरकुरणारी.
वाफेचा काटा का थरथरतो, वॉशर कुठे झिजलाय,
मला कानाने कळतं.
स्वतःच्या गुडघ्याचं मात्र काही कळत नाही.

सायकलही अशीच जमवलेली.
सांगाडा मामाचा, खोगीर कुणाचं ते विचारू नका,
मागचं चाक शेजारच्या ओकबाझ्गीचं,
रविवारी चर्चला जायचं म्हणून तो परत मागतो,
आणि मी शनिवारी रात्री काढून पुसून देते.
चेन तेवढी नवी.

पहाटे समुद्राकडून धुकं चढतं
आणि घाट वळणावळणाने पुसला जातो.
उतरताना पुढचं दिसत नाही,
चढताना दिसतं, ते जास्त वाईट.
कठड्यावर माकडं बसलेली,
नगरपालिकेतल्या साहेबांसारखी,
माझा अर्ज नामंजूर करून.
पाचव्या वळणावर मांड्या पेटतात.
नवव्यावर मी स्वतःशी भांडते,
एकतिसाव्या वर्षी हे काय काढलंस, लेतेकिदान,
संघ नाही, प्रशिक्षक नाही,
पाठीवर नंबर शिवायला सुईसुद्धा आईची.
बाराव्यावर भांडायला दम उरत नाही.
मग बरं वाटतं.

रोज पोहोचायचे. रोज वेळेत.
आई जेबेना उचलत असायची,
काळी धार नुकतीच वाकलेली.
"आलीस? बेरेकाच ओततेय."
मी उभ्यानेच प्यायचे, घामाची चव मिसळून,
आणि वाटायचं, जमतंय की!

शर्यतीला अकरा दिवस असताना
स्टेशनजवळ टायर फाटला. ठिगळ संपलेलं.
सगळा घाट चालत चढले,
सायकल खांद्यावर, बूट हातात.
घरी आले तेव्हा ऊन अंगणाच्या मधोमध होतं.

आई दारात बसलेली, मान गल्लीच्या तोंडाकडे.
शेगडीत एकच निखारा, राखेत झोपवलेला.
तव्यावर बिया, अर्ध्या हिरव्या,
अर्ध्या भाजायच्या विचारात.

मी तव्याकडे बघितलं. तिने माझ्या पायांकडे.
"कोळसा ओला होता," ती म्हणाली.
चार महिन्यांत थेंब पडला नव्हता.

म्हणजे रोज.
म्हणजे कोपऱ्यावर माझं चाक दिसेपर्यंत
तिसरी धार अडवून ठेवायची ती, मनगटात.

संध्याकाळी बेकरीवाल्या तेकेस्तेकडून घड्याळ मागून आणलं,
फुटबॉलच्या पंचांचं, बटण दाबायचं.
दुसऱ्या पहाटे त्याने सांगितलं ते सांगितलं.
गेल्या वर्षी जी शेवटची आली
तिच्याही मागे मी सात मिनिटं.
सात मिनिटांत अर्बारोबाची गाडी
एक बोगदा ओलांडते.

रडले नाही. दोन यंत्रं दुरुस्त केली,
एकाचा वॉशर उलटा बसवला,
पुन्हा खोलून सरळ केला.
रात्री चेनला तेल देता देता म्हटलं,
"आई, उद्यापासून खरे कोळसे."
ती पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.
"बेरेका थंड होईल तुझा."
"होऊ दे."

आज पहाटे सायकल पायरीवरून उतरवली.
गल्लीच्या तोंडाशी पोहोचले, धुकं आत येत होतं,
आणि मागून ऐकू आला तिचा गवती पंखा,
फटफट, फटफट,
असा वारा तिने माझ्या जन्मात
शेगडीला घातला नव्हता.